रेघेवर उगवलेलं हिरवं

मी बशी बोलतेय. चहाची नव्हे हो. चहाच्या बशीत लोक खुशाल फुंकर मारतात. माझ्यावर कुणी नुसता मोठ्यानं श्वास सोडला तरी त्याला चार शब्द ऐकून घ्यावे लागतात. मी प्रयोगशाळेतली बशी. काचेची, तळहाताएवढी गोल, बोटभर उंच काठाची, आणि वर माझ्याच मापाचं, किंचित सैल झाकण.

माणसाच्या छातीत किंवा घशात कोणता जंतू ठाण मांडून बसलाय हे कळावं म्हणून त्याला माझ्याकडे जेवायला बोलावतात. तो येतो, जेवतो, वाढतो आणि पकडला जातो. थोडक्यात, माझं काम पाहुणचाराचं, पण पाहुणे सगळे चोर.

माझा जन्म काचेच्या भट्टीतला. त्या आगीचं मला काही आठवत नाही. बाळंतपण आईला आठवतं, बाळाला नाही. मला पहिलं आठवतं ते खोकं, आणि त्यात पेंढ्यामध्ये एकमेकींना चिकटून बसलेल्या आम्ही बहिणी. खोकं उघडलं ते एका मोठ्या दवाखान्याच्या चौथ्या मजल्यावर. तेव्हापासून तेच माझं सासर.

दुसरीकडे म्हणे आता प्लास्टिकच्या बश्या आल्यात. एकदा वापरल्या की टाकून द्यायच्या. आमच्याकडे अजून जुनी रीत होती. वापरायचं, वाफवायचं, घासायचं आणि पुन्हा भरायचं. त्यामुळे माझे जन्म किती झाले याची मोजदाद मीही सोडून दिली.

भरायचं आणि घासायचं काम काकूंचं. त्यांच्या खोलीच्या दारावर ‘माध्यम कक्ष’ असं भारदस्त नाव लिहिलंय, पण आत गेलं की ते सरळसरळ स्वयंपाकघर आहे. शेगडी, पातेली, वजनकाटा, टोपलीत बटाटे. जंतूंचे चोचले काय सांगू? कुणाला रक्त मिसळून लागतं, कुणाला मीठ, कुणाला खारट-गोड काहीच चालत नाही. बुरशीचं मन मात्र गोडावर. तिच्यासाठी काकू बटाटे उकडून त्यांचं पाणी गाळतात, त्यात साखर घालतात आणि समुद्रातल्या शेवाळापासून काढलेली आगर नावाची भुकटी. मग थोरल्या प्रेशर कुकरमध्ये सगळं शिजतं आणि कोमट झालं की माझ्यात ओततात. गार झालं की थरथरणारी, पिवळसर, पारदर्शक वडी. बघणाऱ्याला वाटावं, चमचा आणावा.

ओतताना काकू काहीतरी पुटपुटायच्या. मला आधी वाटलं, मापं मोजतात. एकदा कान देऊन ऐकलं. “देवा, जे खरं असेल तेच उगवू दे.” दर बशीला एकदा. वीस बश्या असल्या तर वीसदा. देवाला कंटाळा येत नसावा, कारण काकूंनाही कधी आला नाही.

काकूंच्या हातून मी जायचे टापटीपरावांकडे. हे त्यांचं खरं नाव नव्हे, पण सगळ्या मजल्यावर ते याच नावानं ओळखले जायचे, अर्थात पाठीमागे. नमुने लावायचे आणि काय उगवलं ते बघायचं, हे त्यांचं काम. माणूस हाताचा स्वच्छ आणि मनाचाही. त्यांच्या पेनांना टोपणं असायची, आणि टोपणं हरवू नयेत म्हणून टोपणांना दोरे. टेबल तीनदा पुसायचे. काकू म्हणायच्या, “आणखी एकदा पुसलंत तर टेबल पातळ होईल.”

पण अशा माणसाच्याच वाट्याला एक फजिती आली. हवेत बुरशीचं बी सगळीकडे तरंगत असतं. पाव दोन दिवस उघडा राहिला की त्यावर येते ना, तीच. एका महिन्यात आमच्या सात बश्यांवर अशी हवेतली बुरशी चढली. सातही नमुने फुकट गेले. शोधता शोधता वातानुकूलन यंत्राच्या जाळीत बोटभर धूळ सापडली. प्रयोगशाळेच्या प्रमुख, म्हणजे मोठ्या मॅडम, सगळ्यांसमोर टापटीपरावांना म्हणाल्या, “तुमच्या खोलीत धूळ असेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी भांडले असते.”

शिव्या दिल्या असत्या तर बरं, असं टापटीपरावांना झालं.

दुसऱ्याच दिवशी मॅडमनी भिंतीवर एक पाटी लावली. ‘हवेतल्या बुरशीविना गेलेले दिवस.’ खाली खडूनं आकडा. हुरूप यावा म्हणून लावली होती. टापटीपराव रोज सकाळी आले की आधी आकडा वाढवायचे, मग डबा ठेवायचे. नऊ, दहा, अकरा. सव्वीसला आकडा पोचला तेव्हा ते शीळ घालत होते.

त्याच सुमारास नमुने घ्यायच्या आणि निकाल सांगायच्या खिडकीशी एक सून येऊ लागली. बुरशीच्या बश्यांचं उबेचं कपाट खिडकीला लागून असल्यामुळे तिथलं सगळं बोलणं मला ऐकू यायचं. तिच्या सासूबाई खाली वॉर्डात न्यूमोनियानं आजारी होत्या. आधी साधा ताप, मग खोकला, मग दम. छातीत जंतू समजून औषध दिलं, उतार नाही. औषध बदललं, तरी नाही. लागणाऱ्या ऑक्सिजनचा काटा मात्र रोज थोडा वर सरकत होता. त्यांची रोपवाटिका होती, आणि सांधे दुखतात म्हणून त्या वर्षभर एक तेज औषध घेत होत्या. ते घेतलं की शरीराचे पहारेकरी पेंगतात. म्हणून वॉर्डातल्या डॉक्टरांनी कागदावर लिहून पाठवलं होतं, की बुरशीसाठीही तपासा.

ताप तोच, खोकला तोच, छातीच्या फोटोतला डागही जवळजवळ तसाच. पण आत जंतू असला तर एक औषध, बुरशी असली तर दुसरं. याचं त्याला चालत नाही. आणि आत कोण आहे हे चेहऱ्यावर लिहिलेलं नसतं. ते सांगायला आम्ही.

ही सून लिफ्टनं येत नसे. चार मजले जिन्यानं चढायची आणि खिडकीशी येऊन आधी धापा टाकायची, मग बोलायची. टापटीपरावांनी एकदा विचारलं, लिफ्ट बंद आहे का. ती ओशाळून हसली. म्हणाली, सासूबाईंना दम लागतोय तोवर आपणही थोडा लागू द्यायचा, असं देवाला बोललेय. टापटीपरावांनी स्टूल बाहेर सरकवलं.

नवसानं बुरशी मरत नाही हे मला कळतं. मी काही भोळी नाही. पण नवस बोललेलं माणूस दुसऱ्या दिवशी पुन्हा येतं. आजारपणात अर्धी लढाई तीच असते.

पहिला नमुना माझ्या शेजारच्या बहिणीवर लागला. तारेच्या वळ्यानं कफाचा ठिपका घेऊन तिच्यावर इकडून तिकडे, तिकडून इकडे रेघा ओढल्या, नांगरल्यासारख्या. तिसऱ्या दिवशी सकाळी टापटीपरावांनी कपाट उघडलं आणि तिला उचललं. झाकणाखाली काहीतरी करडं-हिरवं, मखमलीसारखं दिसत होतं. त्यांची शीळ थांबली.

त्यांनी पाटीकडे बघितलं. आकडा एकोणतीस होता.

मी कपाटातून सगळं बघत होते. त्यांनी तिला उजेडात धरलं नाही. झाकणही उघडलं नाही. नुसतं म्हणाले, “पुन्हा हवेतलीच.” आणि वाफवायच्या बादलीत तिला तळाशी, इतरांच्या खाली, सरकवून दिलं. वहीत लिहिलं, ‘उगवण नाही. नमुना अपुरा. पुन्हा पाठवावा.’ मग पाटीवरचा एकोणतीस पुन्हा ठळक गिरवला. खडू मोडला.

वाईट माणूस असता तर मला एवढं लागलं नसतं. त्यांना खरंच वाटलं, की ही आपल्या खोलीतली घाण आहे. स्वतःच्या स्वच्छतेवर ज्याचा इतका जीव, त्याला बुरशी दिसली की आधी स्वतःचीच लाज दिसते. रोगी मागून दिसतो.

सून आली तेव्हा तिला सांगितलं, की काही उगवलं नाही, कफ नीट आला नव्हता. झालं. तिनं तो सगळा दोष आपल्या पदरात घेतला. आपल्यालाच नमुना नीट घेता आला नाही म्हणून कितीदा तरी माफी मागितली. मग खोदून खोदून विचारलं, कफ घ्यायचा कसा. टापटीपरावांनी समजावलं, की सकाळी उठल्याबरोबर, साध्या पाण्यानं चूळ भरून, खोल श्वास घेऊन पोटातून खोकायला सांगा. थुंकी नको, आतला घट्ट बेडका हवा. तिनं ते हातावर लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी नमुना आला तो असा, की टापटीपरावच म्हणाले, “वा, याला म्हणतात नमुना.” आमच्या खात्यात कौतुकाच्या जागा ह्या अशा.

तो माझ्या वाट्याला आला. पाठीवर मेणाच्या पेन्सिलीनं तारीख आणि नंबर. तीन रेघा आडव्या, तीन तिरप्या, आणि शेवटी एक नागमोडी. मी कपाटात जाऊन बसले. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी रेघेवर कापसाचे बारीक ठिपके. तिसऱ्या दिवशी ते धुरकट हिरवे झाले. अंगावर असं काही उगवतं तेव्हा गुदगुल्या होतात, पण मला हसू येत नव्हतं. पाटीवर तेहतीस होते.

त्या दिवशी सून खिडकीशी येऊन गेली होती. सासूबाई आता बोलताना वाक्य पुरं करत नाहीत, तीन शब्दांवर थांबतात, एवढंच सांगून ती पुन्हा जिना उतरली होती. टापटीपरावांनी मला बाहेर काढलं, पाहिलं आणि डोळे मिटले. मग मला हातात घेऊन बादलीकडे निघाले.

तेवढ्यात काकू बादली न्यायला आल्या. हात पुढे केला, मला घेतलं आणि सवयीनं खिडकीच्या उजेडात धरलं. घासणाऱ्या बाईला भांडं किती खरकटं आहे ते बघायची सवय असते.

“साहेब,” काकू म्हणाल्या, “ही हवेतली?”

“दुसरं काय?”

“पावावरची बुरशी मला ठाऊक आहे. ती वाटेल तिथं बसते. ही रांगेत बसलीय. तुमची रेघ सोडून एक ठिपका नाही. हवेतून पडलेली अशी ओळीत पडते होय?”

टापटीपराव मान पुढे करून बघू लागले.

काकूंनी आवाज खाली आणला. “परवा बादलीत तळाशी एक सापडली होती, तिच्यावरही असंच होतं. मला वाटलं, तुम्ही बघितलंच असेल. आपण कशाला मध्ये तोंड घाला, म्हणून वाफवून टाकली. तेव्हाच बोलायला हवं होतं मी.”

रेघेवर उगवलं ते रोग्याचं, रेघ सोडून उगवलं ते हवेचं. हा नियम टापटीपरावांना पाठ होता. नव्या मुलांना ते स्वतःच शिकवत. त्यांनी मला काकूंकडून परत घेतलं, स्टुलावर बसले आणि एकेक रेघ बोटानं मोजली. मग उठले, ओल्या फडक्यानं पाटीवरचा आकडा पुसला आणि मला घेऊन मोठ्या मॅडमकडे गेले.

मॅडमनी काचेच्या बंद पेटीत माझं झाकण उचललं, चिकटपट्टीचा तुकडा माझ्या हिरव्यावर अलगद टेकवला, निळ्या रंगाच्या थेंबात ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. एक डोळा लावून म्हणाल्या, “या, तुम्हीही बघा.” आत एक बारीक दांडा होता आणि त्याच्या टोकाला झाडांना पाणी घालायच्या झारीचं तोंड. झारीतून निघाव्यात तशा बियांच्या माळा.

“एका बशीवरून मी निकाल देणार नाही,” मॅडम म्हणाल्या. “ही बुरशी कधी कधी घशात नुसती येऊन-जाऊन असते, आजार न करता. पहिल्या नमुन्याच्या बशीवर काय होतं?”

“हेच होतं.”

“वहीत तर ‘उगवण नाही’ आहे.”

“मी फेकली, मॅडम. पाटीवरचा आकडा शून्यावर जाईल म्हणून.”

मी टेबलावर होते. मला वाटलं, आता वीज कडाडणार. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“दोनदा तेच, दोन्ही वेळा रेघेवर,” त्या म्हणाल्या. “मग आता थांबायचं नाही. वॉर्डात फोन मी करते. पाटी मी लावली होती, ती मीच काढेन. पण खिडकीशी जे सांगितलंत ते बदलून सांगायला तुम्हीच जा.”

त्याच दुपारी सासूबाईंचा छातीचा स्कॅन झाला. गाठींसारखे डाग दिसले आणि भोवती धुक्याचं कडं. दुर्बिणीच्या नळीनं फुप्फुस धुऊन पाणी घेतलं, रक्ताचा नमुनाही तपासायला वर आला. तिन्ही तपासण्यांनी बुरशीकडेच बोट दाखवलं. संध्याकाळ व्हायच्या आत बुरशीवरचं औषध शिरेतून सुरू झालं.

आणि टापटीपराव खिडकीशी. सून धापा टाकत आली. त्यांनी स्टूल दिलं आणि ती बसायच्या आत सगळं सांगून टाकलं. काय उगवलंय, कोणतं औषध लागलंय, आणि पहिल्या बशीवर हेच उगवलं होतं ते त्यांनी न बघता फेकलं, तेही.

ती स्टुलावर बसली. हाताकडे बघत राहिली. तिथं अजून त्या सूचनांची शाई फिकट उरलेली होती.

“म्हणजे कफ नीट होता,” ती म्हणाली.

“अगदी नीट होता.”

“मी घरी सगळ्यांना सांगितलं, की माझ्यामुळे वेळ गेला.” तिनं ती शाई अंगठ्यानं घासली. “भाऊ, तुम्हाला रागवायला मला आज दम नाही. आधी त्या वाचू देत. मग बघू.”

टापटीपरावांनी मान हलवली. त्या दिवशी ती गेल्यावर त्यांनी टेबल एकदाही पुसलं नाही.

पुढचे दहा दिवस आमचा सगळा मजला खिडकीकडे कान लावून होता. काकू बटाटे सोलताना आणि मॅडम फोन ठेवताना, सगळे एकच विचारायचे. तिसऱ्या दिवशी ताप हलला. सहाव्या दिवशी ऑक्सिजनचा काटा खाली आला. नवव्या दिवशी सून आली ती हसतच, आणि धाप लागलेली असतानाच म्हणाली, “आज त्या माझ्यावर ओरडल्या. पूर्ण वाक्यात.”

काकूंनी सोलायची सुरी खाली ठेवली आणि डोळे पुसले. त्यांचा तो एकटीचा आरतीचा क्षण होता म्हणा ना.

दीड महिन्यानं सासूबाई तपासणीला आल्या. बारीक झालेल्या, पण जीभ शाबूत. म्हणाल्या, माझ्या छातीत कोण राहत होतं ते मला बघायचंय. तोवर मॅडमनी औषधाच्या वाफेनं माझ्यावरची बुरशी मारून, झाकण पट्टीनं कायमचं चिकटवून मला ठेवून दिलं होतं. टापटीपरावांनीच मला पुढे केलं. सासूबाईंनी चष्म्याखालून निरखून बघितलं.

“अग बाई, ही तर आमच्याकडचीच. कुजलेल्या खताच्या पोत्यात हिला रोज बघते. खत पिकलं का ते मी नाक घालून बघायची.” आणि सुनेकडे वळून म्हणाल्या, “माझ्या रोपांपेक्षा बरी फोफावलीय, नाही?”

मॅडमनी कपाळाला हात लावला. मग नाकावर पट्टी बांधल्याशिवाय पोत्याजवळ जायचं नाही, आणि औषध अजून काही महिने एक दिवसही चुकवायचं नाही, हे दोनदा बजावलं. सासूबाई हो म्हणाल्या. सुनेनं तिसऱ्यांदा वदवून घेतलं. टापटीपराव बाजूला उभे होते, त्यांच्याकडे बघून ती म्हणाली, “आता रागवू का?” ते म्हणाले, “रागवा.” तिनं विचार केला आणि म्हणाली, “राहू द्या. पुढच्या कुणावर ही वेळ आणू नका, म्हणजे झालं.”

तेव्हापासून मी कामातून निवृत्त. कपाटात नाही, शिकवायच्या खोलीत काचेच्या फळीवर बसते. बटाट्याची वडी सुकून तळाला चिकटलीय, हिरवा रंग करडा झालाय, पण रेघा अजून मोजता येतात. माझी ती पहिली बहीण मात्र वाफेतून निघाली, घासली गेली आणि पुन्हा कामाला लागली. मान माझ्या वाट्याला आला, आणि पहिली साक्ष तिनं दिली होती, हे मी विसरत नाही.

दर वर्षी शिकायला नवी मुलं येतात. टापटीपराव मला खाली काढतात आणि विचारतात, हे काय आहे. निम्मी मुलं सांगतात, हवेतली बुरशी, फेकायची. मग ते सगळी गोष्ट सांगतात. पहिल्या बशीपासून, स्वतःपासून. पाटीचा आकडासुद्धा गाळत नाहीत. यंदा एका मुलीनं धीटपणे विचारलं, “सर, मग तुम्हाला शिक्षा काय झाली?”

“हीच,” ते म्हणाले. “दर वर्षी हे मीच सांगायचं.”

ही शिक्षा कुणी दिलेली नाही. मी त्या टेबलावर होते, मला ठाऊक आहे. ती त्यांनी आपली आपण घेतली, देवापुढे काही बोलावं तशी. पहिल्या वर्षी सांगताना त्यांनी मध्येच टेबल पुसायला घेतलं होतं. आता घेत नाहीत, पण ते सांगायचं सोडतही नाहीत.

माझं आता काही मागणं उरलेलं नाही. तुमच्या घरात कुणाचा खोकला औषधाला दाद देत नसेल, तर एवढंच करा. तपासणीच्या खिडकीशी जा आणि विचारा, काय उगवलं. काही नाही म्हणाले, तर संकोच न करता पुन्हा विचारा, खरंच काही नाही? आत बसलेलं माणूस वाईट नसतं. त्याला कधी कधी कुणीतरी दुसऱ्यांदा विचारावं लागतं, बस.